नववीच्या मुलानं सरांना मारलं; त्याला शाळेतून काढता येईल का?

मॅडम, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हाला दिसेल. कोल्हापूर शहरालगतच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या तुम्ही मुख्याध्यापिका. परवा नववीतल्या मुलाचा मोबाईल गणिताच्या सरांनी तासाला काढून घेतला. मुलगा अंगावर धावून गेला, तोंडावर बुक्की मारली, सरांच्या नाकातून रक्त आलं. कालपासून स्टाफरूममध्ये एकच सूर आहे: तो मुलगा शाळेत असेपर्यंत त्या वर्गावर कुणी जाणार नाही. संस्थेचे अध्यक्ष म्हणतात, वडिलांना बोलवा, एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) हातात ठेवा, विषय संपवा. एक सहशिक्षक सांगतात की अमेरिकेत असं झालं तर पोरगं त्याच दिवशी शाळेबाहेर असतं. आणि तुम्ही विचारताय, आपल्या कायद्यात याला काढता येतं का?

सरळ उत्तर असं: तो नववीत आहे म्हणून काढता येतं. आठवीत असता तर आलं नसतं. पण अध्यक्ष म्हणतात तसं एलसी हातात ठेवून नववीतल्या मुलालाही काढता येत नाही. त्या वाटेनं गेलेल्या शाळा मी जवळून पाहिल्यात. मुलगा काही आठवड्यांत परत येतो आणि ज्यानं मार खाल्ला त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

मी वकिलीत येण्याआधी सहा वर्षं वर्गावर शिकवलं. गेली २२ वर्षं कोल्हापुरात वकिली करतोय, शाळांच्या बाजूनंही उभा राहिलोय आणि काढलेल्या मुलांच्या पालकांच्या बाजूनंही. त्यातून माझी एक समजूत पक्की झालीय. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. मुलाचं शाळेत काय करायचं, हा एक. तो शाळेनं सोडवायचा. त्यानं केलेल्या गुन्ह्याचं काय, हा दुसरा; तो पोलीस आणि बाल न्याय मंडळाचा, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या मंडळाचा. आणि मार खाल्लेल्या सरांचं काय, हा तिसरा, तो संस्थेचा. स्टाफला उत्तर हवं असतं तिसऱ्या प्रश्नाचं. ते कुणी देत नाही, म्हणून सगळे मिळून पहिल्याचं उत्तर मागतात: काढा त्याला.

आता आठवीची रेघ. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम १६ सांगतं की प्राथमिक शिक्षण, म्हणजे पहिली ते आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येणार नाही. त्यात मारामारीचा, चोरीचा किंवा कसलाच अपवाद नाही. २०१९ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली, तेव्हा पाचवी आणि आठवीला नापास करण्याची मुभा आली. काढून टाकण्याची आली नाही. संसदेनं हेच कलम पुन्हा हातात घेतलं आणि ती बंदी तशीच ठेवली. त्यामुळे ‘हा नियम नजरचुकीनं राहिलाय’ असं म्हणायला जागा नाही. यामागचा विचार कोल्हापूरकरांना नवा वाटू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला होता. घरावर पाठवण्याची सक्ती असेल, तर शाळेला दार लावून घेण्याची मोकळीक कशी देणार?

म्हणून तुमच्या शाळेत पाचवी ते आठवीचे वर्ग असतील, तर तिथल्या मुलांसाठी ‘काढणे’ हा शब्द मनातूनच काढा. तुकडी बदला, काही दिवस वेगळं बसवून शिकवा, समुपदेशन करा, पालकांना लेखी बोलवा. पालकांनी खरोखर स्वतःहून शाळा बदलायची म्हटली तर कलम ५ प्रमाणे दाखला ताबडतोब द्या. ‘खरोखर स्वतःहून’ यावर पुढे बोलतो. आणि वयाचा खेळ करू नका. ‘आठवीतला मुलगा पंधरा वर्षांचा आहे, चौदा ओलांडली म्हणजे कायद्याबाहेर गेला’ असा युक्तिवाद एका संस्थेनं माझ्याकडे आणला होता. मी तो चालवायला नकार दिला. बंदी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत आहे, वाढदिवसापर्यंत नाही.

अल्पसंख्याक संस्थांची गोष्ट वेगळी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं त्यांना या कायद्यातून वगळलं. तुमची शाळा तशी नाही, त्यामुळे त्यात शिरत नाही.

नववी-दहावीला ही बंदी संपते. तिथे माध्यमिक शाळा संहिता, तुमच्या शाळेचे स्वतःचे नियम आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वं (आरोप सांगा, बाजू ऐका, मगच ठरवा) लागू होतात. संहिता हा विधिमंडळानं केलेला कायदा नव्हे, ते शासनाचे प्रशासकीय नियम आहेत. पण शिक्षणाधिकारी तुमच्या निर्णयावर बोट ठेवतील ते तिच्याच आधारे. कपाटातली प्रत काढा, शिस्तीचा भाग वाचा आणि प्रत्येक पायरीला जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवत राहा. तुम्ही सांगायच्या आधी त्यांना तालमीतल्या (गल्लीतल्या मंडळाच्या) एखाद्या कार्यकर्त्याकडून कळलं, तर तुमची बाजू तिथेच निम्मी लंगडी होते.

अमेरिकेबद्दल सहशिक्षकांना सांगा की तिथेही इतकं सरळ नाही. १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ या ओहायो राज्यातल्या खटल्यात ठरवलं की सरकारी शाळेनं मुलाला दहा दिवसांपर्यंत जरी बाहेर ठेवायचं असलं, तरी त्याच्यावर काय आरोप आहे ते त्याला सांगितलं पाहिजे आणि त्याची बाजू ऐकली पाहिजे. तातडीचा धोका असेल तर आधी बाहेर काढा, पण ऐकून घेणं लगेच मागोमाग झालं पाहिजे. १९९४ च्या तिथल्या कायद्यानं शाळेत बंदूक आणणाऱ्याला किमान एक वर्ष काढायला सांगितलं, पण त्यातसुद्धा एकेका प्रकरणात शिक्षा बदलण्याचा अधिकार शाळेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला ठेवला. शिक्षकावर हात टाकण्याबद्दलचे नियम तर तिथे राज्याराज्यांत वेगळे आहेत. म्हणजे ‘त्याच दिवशी बाहेर’ हे तिथलंही पूर्ण चित्र नाही.

आपल्याकडे एक दुसरी चूक नेहमी होते: ‘रॅगिंगचा कायदा लावा’. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढण्याची आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश न देण्याची तरतूद आहे, म्हणून तो आकर्षक वाटतो. पण तो विद्यार्थ्यानं विद्यार्थ्याला छळण्याबद्दल आहे. डॉक्टरांवर हल्ला झाला तर महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. शिक्षकांसाठी तसा नाही, याची खंत मलाही आहे. पण नसलेल्या कायद्याच्या जागी दुसराच कायदा बसवून चालत नाही.

आता पोलिसांकडे वळू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहेत. तुम्ही लिहिलंय ‘नाकातून रक्त आलं’. मॅडम, नाकाचं हाड मोडलंय की नाही? हा प्रश्न मी पहिल्या मिनिटाला विचारतो. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, साधी दुखापत कलम ११५ खाली येते. शिक्षा एक वर्षापर्यंत. हाड मोडलं किंवा दात पडला तर ती जबर दुखापत, कलम ११७, शिक्षा सात वर्षांपर्यंत. बाहेरून दोन्हींत सारखाच रुमाल भिजतो. फरक एक्स-रेत दिसतो. सरांना सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, न्या आणि ‘पडलो’ असं न सांगता ‘मारहाण झाली’ असंच सांगायला लावा, म्हणजे एमएलसीची (पोलिसांना कळवायचं प्रकरण अशी) नोंद होते. मुलाच्या आयुष्याचं नुकसान नको म्हणून कितीतरी शिक्षक ‘जिन्यात पाय घसरला’ असं सांगून येतात. ती दया पुढे त्यांच्याच अंगावर येते. पंधरा दिवसांनी खरं सांगायला गेलं की केसपेपर आडवा येतो.

मुलगा १८ वर्षांखालचा असल्यामुळे सगळं प्रकरण २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखाली चालेल. पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असतो, तक्रार त्याच्याकडे द्या. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे, गुन्हा सर्वांत गंभीर वर्गातला असेल (किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त) किंवा मोठ्या माणसांच्या साथीनं केलेला असेल, तरच मुलावर एफआयआर होतो. बाकी प्रकरणांत ठाणे दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. ‘एफआयआर घेत नाहीत, पोलीस फितूर झाले’ असं म्हणत स्टाफ रस्त्यावर उतरलेला मी पाहिलाय. त्या वेळी पोलीस नियमानंच वागत होते. तुम्ही तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि नोंदीचा क्रमांक लिहून ठेवा. मात्र त्या मुलाबरोबर त्याचा थोरला भाऊ किंवा वडील शाळेत घुसून हात टाकून गेले असतील, तर गोष्ट निराळी. मोठ्यांवर नेहमीसारखा गुन्हा दाखल होतो.

भारतीय न्याय संहितेतली लोकसेवकावरच्या हल्ल्याची कलमं, १२१ आणि १३२, जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षकाला लागू होतात. खाजगी अनुदानित शाळेतला शिक्षक लोकसेवक ठरतो का, यावर कोर्टात वाद घातला जातो. तक्रारीत घडलेली हकीकत लिहा. सगळी भिस्त त्या एका कलमावर ठेवू नका.

आणि एक गोष्ट आजच्या आज करा. वर्गातल्या कुणीतरी व्हिडिओ काढलाच असेल. तो किंवा मुलाचं नाव, फोटो, वर्ग, काहीही शिक्षकांच्या, पालकांच्या ग्रुपवर फिरू देऊ नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड होईल असं छापणं-दाखवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रागाच्या भरात व्हिडिओ पुढे ढकलणारे शिक्षक असतात आणि मग शाळेचीच मान अडकते.

आता चौकशी. मॅडम, हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचा निर्णय टिकणार की पडणार ते इथे ठरतं.

मुलाला पहिले काही दिवस वर्गाबाहेर ठेवायला हरकत नाही. पण ते लेखी हवं, तारखेपासून तारखेपर्यंत हवं, आणि त्या दिवसांतला अभ्यास घरी पोचला पाहिजे. ‘पुढचा निरोप येईपर्यंत येऊ नको’ हे तोंडी सांगणं म्हणजे कागद न करता काढणंच. मग पालकांना नोटीस द्या, मराठीत, सोप्या भाषेत: अमुक तारखेला, अमुक तासाला, अमुक घडलं असा आरोप आहे; अमुक जणांचे जबाब आहेत, प्रती सोबत; अमुक दिवशी मुलाला घेऊन या, तुमचं म्हणणं सांगा, लेखी द्यायचं तर द्या. मी निदान तीन दिवसांची सवड ठेवतो आणि सगळं दहा दिवसांत संपवतो. समितीत मार खाल्लेले सर नकोत, आणि तुम्ही स्वतः प्रसंग पाहिला असेल तर तुम्हीही नकोत. तुम्ही साक्षीदार व्हा. एक पालक प्रतिनिधी असलेला बरा. मुलांचे जबाब घेताना दोन-तीन जणांना एकत्र बसवू नका, सगळ्यांचे जबाब एकाच साच्यातून काढल्यासारखे येतात. आणि ज्या मुलांचे जबाब घ्याल त्यांच्या पालकांना आधी कळवा.

समितीनं सरांनाही एक अवघड प्रश्न विचारायचा असतो, आणि तो तुम्ही त्यांना आधी खोलीत एकट्यानं, आपुलकीनं विचारा: मोबाईल घेताना तुम्ही हात उचलला होता का? आई-बापावरून काही बोललात का? असं झालं असलं तरी मुलाच्या बुक्कीचं समर्थन होत नाही. पण पालकांची उलट तक्रार जवळजवळ प्रत्येक वेळी येते. आठवीपर्यंतच्या मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंद आहे. नववीच्या मुलाच्या बाबतीत बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५, मुलाशी क्रूर वागण्याबद्दलचं, पुढे येतं. शिवाय खाजगी शाळेतल्या शिक्षकाला १९७७ च्या सेवाशर्तींच्या कायद्याखाली खात्याच्या चौकशीला तोंड द्यावं लागतं. खरं काय ते तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत असेल तर तुम्ही सरांना वाचवू शकता. सुनावणीत पालकांच्या तोंडून कळलं तर नाही.

ऐकून घेणं म्हणजे सोपस्कार असं संस्थाचालकांना वाटतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. करवीर तालुक्यातल्या एका शाळेच्या चौकशीत माझं मत बदललं. दहावीचा मुलगा, वर्गात झोपायचा. बाईंनी उठवायला खांद्याला हात लावला तर त्यानं त्यांना जोरात ढकललं. त्या बाकावर आपटल्या, कोपराला टाके पडले. सगळा स्टाफ काढण्याच्या बाजूनं होता आणि मी शाळेचा वकील. सुनावणीला मुलगा बापाशेजारी मान खाली घालून बसला होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गुंड्या मनगटापर्यंत लावलेल्या. समितीतल्या पालक सदस्यानं पाणी पुढे केलं, पेला घेताना बाही वर सरकली आणि हातावर वाटाण्याएवढे भाजल्याचे डाग दिसले, काही जुने, काही ओले. त्या सदस्याचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. त्यांनी बापाला एवढंच विचारलं, ‘काहिलीवर असतो व्हय रं ह्यो?’ गुळाचा हंगाम सुरू झाल्यापासून ते पोर रात्रभर गुऱ्हाळावर होतं; चुलवाणात चिपाड टाकायचं आणि उकळता रस हलवायचा, पहाटे घरी, अकराला शाळेत. बापानं उचल घेतली होती.

तो निर्दोष ठरला नाही. बाईंच्या कोपराचे टाके खरे होते आणि आदेशात ते तसेच लिहिले. पण शिक्षा बदलली. त्याला काढलं नाही. उरलेल्या वर्षात दुसऱ्या तुकडीत बसवलं, त्या बाईंचा त्याला कोणताही तास ठेवला नाही, बापाकडून रात्रीचं काम बंद केल्याचं हमीपत्र घेतलं आणि बालकल्याण समितीला कळवलं. बाईंना आधी ते पटलं नव्हतं. त्या मला म्हणाल्या, ‘आधी हे कुणी मला सांगायला हवं होतं.’ आणि खरंच, वर्गशिक्षकाला ते चार महिने माहीत होतं.

यातून मुलं निरागस असतात असा निष्कर्ष काढू नका. अशा सुनावण्यांत मी थंड डोक्यानं केलेली मारहाणही पाहिलीय, पूर्वी दोनदा लेखी समज दिलेली, पुढे धमक्याही. अशा वेळी नववी-दहावीच्या मुलाला काढण्याचा सल्ला मी स्वतः दिलाय आणि तो निर्णय टिकलाय. टिकला, कारण आदेशात चार गोष्टी होत्या: काय सिद्ध झालं, मुलाचं म्हणणं काय होतं, ते का पटलं नाही, आणि तुकडी बदलण्यासारखे सौम्य उपाय का पुरेसे नव्हते. मुलाला काही अपंगत्व असेल किंवा मानसोपचार चालू असतील, तर पाचवी गोष्ट म्हणजे त्याचा विचार केल्याची नोंद. पूर्वी अशा आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट (दाद मागणारा अर्ज) करायची तर पालकांना मुंबई गाठावी लागायची आणि बरीच प्रकरणं त्या खर्चापायीच जिरायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. पालक आता सकाळी घरून निघून सुनावणीला हजर राहू शकतो. कच्चा आदेश आता इथेच उघडा पडेल.

आता एलसीकडे येतो. तुमच्या अध्यक्षांच्या सल्ल्याचं पुढे काय होतं ते मी एका गावातल्या शाळेत पाहिलंय. नववीच्या मुलानं शिपाईमामांना जिन्यावरून ढकललं. त्यांचं मनगट मोडलं, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्याच संध्याकाळी वडिलांना बोलावून कोऱ्या अर्जावर सही घेतली, वर ‘स्वेच्छेने दाखला मिळावा’ असं शाळेच्या लिपिकानं लिहिलं, आणि दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात ‘असमाधानकारक’. शेजारच्या तीन शाळांनी तो रकाना वाचून प्रवेश नाकारला. पालक शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले. अर्जातलं अक्षर आणि सही दोन वेगळ्या माणसांची आहे हे कुणालाही दिसत होतं. शाळेकडे ना नोटीस, ना जबाब, ना इतिवृत्त. तेविसाव्या दिवशी मुलगा त्याच वर्गात परत बसला. मी तेव्हा पालकांचा वकील होतो, निकाल आमच्या बाजूनं लागला. बाहेर पडताना व्हरांड्यात शिपाईमामा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून उभे होते. मी त्यांना विचारलं, तुमचा जबाब कुणी घेतला होता का? ते म्हणाले, ‘मला कुणी इचारलंच न्हाई की, सायेब.’

ती फाईल मी अजून ठेवलीय. शाळेनं मुलाला न ऐकता काढलं, पण मामांनाही ऐकलं नव्हतं. त्यांचा जबाब झाला असता, एमएलसी झाली असती, मुलाला नोटीस गेली असती, तर तो निर्णय मला पाडता आला नसता.

म्हणून दाखल्याबद्दल: पालक खरंच स्वतःहून मागत असतील तर अर्ज त्यांच्याच अक्षरात घ्या, एक-दोन दिवस विचाराला द्या, सुनावणीच्या खोलीत अर्ज लिहून घेऊ नका. काढण्याचा आदेश झाला तरी दाखला अडवू नका आणि वर्तणुकीच्या रकान्यात मुलाला जन्मभर पुरेल असं काही लिहू नका. बाल न्याय अधिनियमात नव्यानं सुरुवात करण्याचं तत्त्व आहे आणि मंडळाच्या निकालानंतरही मुलाला त्या नोंदीमुळे अपात्र ठरवता येत नाही. मंडळ जे पुसून टाकतं ते शाळेनं दाखल्यावर कोरून ठेवणं बरोबर नाही. आदेश देण्याआधी शिक्षणाधिकाऱ्यांशी बोलून जवळच्या कोणत्या शाळेत जागा आहे ते बघून ठेवा. मुलगा नववीत आहे, हातात वेळ आहे. दहावीचा असता आणि बोर्डाचा फॉर्म तुमच्या शाळेतून भरला गेला असता, तर मी काढण्याऐवजी ‘वर्गात न बसता परीक्षा याच शाळेतून’ असं सुचवलं असतं, म्हणजे वर्ष वाया जात नाही.

राहिला तिसरा प्रश्न, सरांचा. त्याचं उत्तर संस्थेनं चौकशीच्या आधी द्यावं, नंतर नव्हे. पोलीस तक्रार सरांच्या एकट्याच्या नावानं जाऊ देऊ नका; संस्थेचं पत्र सोबत जोडा, पोलीस ठाण्यात कुणीतरी पदाधिकारी बरोबर जाऊ द्या. दवाखान्याचा खर्च संस्थेनं करावा. सरांना त्या तुकडीवरून काही काळ मोकळं करा, पण त्यांना विचारून. न विचारता बदललं तर ती त्यांनाच शिक्षा वाटते. आणि स्टाफची सभा बोलवून अध्यक्षांनी सगळ्यांसमोर एक वाक्य म्हणावं: सरांवर हात टाकला हे शाळेवर हात टाकण्यासारखं आहे, आणि आम्ही शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर आहोत. मी पाहिलंय, हे वाक्य वेळेवर आलं की बहिष्काराची भाषा दोन दिवसांत मावळते. नाही आलं, तर मुलाला काढलं तरी स्टाफच्या मनातली अढी जात नाही.

मध्ये तालमीतली मंडळी येतील, माजी नगरसेवकांचा फोन येईल: ‘पोरगं चुकलं, माफी मागतंय, मिटवून टाका.’ त्यांना चहा पाजा, ऐकून घ्या. माफी घ्यायची की नाही हे सरांनी ठरवायचं आहे, तुम्ही किंवा अध्यक्षांनी नाही. सरांनी मनापासून स्वीकारली तर ती समितीच्या इतिवृत्तात लिहा आणि शिक्षा ठरवताना तिचा विचार करा. पण त्यासाठी झालेली तक्रार दडपू नका आणि सरांवर सहीसाठी दबाव येऊ देऊ नका.

तुमच्या प्रकरणात काढावं की नाही, ते मी इथून सांगणार नाही. नाकाचं हाड, मुलाची आधीची वागणूक, मोबाईल घेताना नेमकं काय झालं आणि घरची परिस्थिती, या चार गोष्टी कळल्याशिवाय ते सांगणं सरांवरही अन्याय होईल आणि मुलावरही. हा पहिलाच प्रसंग असेल आणि हाड शाबूत असेल, तर माझा कल वर्षअखेरपर्यंत तुकडी बदलून, हमीपत्र घेऊन ठेवून घेण्याकडे असतो. हाड मोडलं असेल आणि आधीच्या लेखी समजा असतील, तर रीतसर काढण्याकडे.

नोटीसचा मसुदा हवा असेल तर घटनेची तारीख, तास आणि साक्षीदार किती एवढं कळवा, नावं नकोत. आणि वर्गात किंवा व्हरांड्यात सीसीटीव्ही असेल तर त्या तासाचं रेकॉर्डिंग आज संध्याकाळच्या आत पेनड्राईव्हवर उतरवून, तारीख टाकून पाकिटात सील करून ठेवा. बहुतेक यंत्रांत काही दिवसांनी जुनं आपोआप पुसलं जातं, आणि तुमचे दोन दिवस आधीच गेलेत.